कोचदादाची कायम नोकरी

आमच्या गणिताच्या क्लासमध्ये एक अख्खी भिंत आरशाची आहे. गणिताचा आणि आरशाचा काय संबंध, असं नवीन मुलं पहिल्या दिवशी विचारतात आणि दुसऱ्या दिवसापासून भांग नीट करायला लागतात. मी त्यांना सांगते की पूर्वी, म्हणजे फार पूर्वी, मी नववीत असताना, इथे जिम होती. सर जिथे उभे राहून प्रमेयं सिद्ध करतात तिथे ट्रेडमिल होती आणि तिच्यावरून माझे बाबा पडले. तिसऱ्या बाकाखाली फरशीवर जो काळपट चौकोन दिसतो तो चटईचा. मी कायम तिसऱ्या बाकावर बसते. तिथून फळा अर्धाच दिसतो, पण माझं लक्षही फळ्याकडे अर्धंच असतं, त्यामुळे हिशेब जुळतो.

'बाबा पडले' हे असं सरळ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्याकडे 'ट्रेडमिलचं झालं तेव्हा' असं म्हणतात. खरं म्हणजे ट्रेडमिलला काहीच झालं नव्हतं. ऑफिसात साहेबांना आपण कसं तोंडावर सुनावलं (म्हणजे सुनावणार होतो) हे बाबा कोचदादाला सांगत होते. सांगता सांगता रंगात आले आणि ऐन सुनावण्याच्या जागी कोचदादाचा चेहरा बघायला मागे वळले. पट्ट्याला त्या गोष्टीत रस नव्हता. त्याने बाबांना मागे आणून सोडून दिलं आणि कोचदादाने त्यांना झेललं. जिम लावल्यापासून बाबांचं वजन वाढलं होतं, कारण व्यायामाने भूक लागते. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. कोचदादाचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालताना कोचदादा डॉक्टरांना म्हणाला, "यांची काही चूक नाही हो, मीच मध्ये उभा होतो." त्या वाक्याने बाबा जे खचले ते त्या आठवड्यात जेवताना मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणाले नाहीत. आईने मुद्दाम एकदा घातलंच नाही. तरी नाही.

कोचदादा आमच्या जिमचा पर्सनल ट्रेनर. जाहिरातीत असतात तसा मात्र नव्हता. जाहिरातीतल्या माणसाला दारातून आत यायचं तर आडवं व्हावं लागेल. कोचदादा एकदा वजनांच्या रॅकमागे उभा होता तर मालक त्याला जिमभर शोधत होते. बुटका, काटकुळा, हसताना डोळे मिटणारा. आणि त्याची मोजायची जी पद्धत होती ती दुसऱ्या कुठल्या जिममध्ये असेल असं मला वाटत नाही.

उदाहरणार्थ, शिंपीणकाकू. त्यांचा खांदा आखडला होता, म्हणून त्या दोन्ही हातांत वजनं घेऊन वर-खाली करायच्या.

"पाच... सहा... काकू, जावई परत आले का हो?"

"आले, पण तोंड फुगवूनच."

"अरेरे. मग समजूत कोणी घातली?... चार... पाच..."

"मीच. दुसरं कोण घालणार? घातली आणि वर एक शर्ट शिवून दिला."

"बसला का नीट?... तीन... चार..."

अशा रीतीने शिंपीणकाकूंचे दहा व्हायला जावयाचं सगळं प्रकरण मिटावं लागायचं. पण कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्या आलं, कारण तेव्हा माझं गणित चांगलं होतं. मी म्हटलं, "दादा, माझे सात झाले होते, तुम्ही परत पाच म्हणालात." तो म्हणाला, "हो का? मग समज आत्ता उजळणी चालू आहे." चुकून तो कधी पुढे गेला नाही. चुकायचा तो कायम मागे.

तर या कोचदादाची जागा तो बरा होईपर्यंत राखून ठेवा, एवढंच सांगायला बाबा आणि मी मालकांकडे गेलो. मालक काचेच्या केबिनमध्ये बसायचे आणि आम्हा सगळ्यांना फिशटँकमधल्या माशांसारखं बघायचे. (की आम्ही त्यांना? मला हे तेव्हाही ठरवता आलं नाही.) स्वतःच्या जिममध्ये त्यांनी कधी हातसुद्धा वर केलेला नव्हता.

"जागा कसली राखायची?" मालक म्हणाले. "तो माझ्याकडे नोकरीला नाहीच."

"मग रोज इथे काय करतो?" बाबा म्हणाले.

"धंदा करतो. स्वतःचा. तो स्वतंत्र, मी स्वतंत्र. मी कोपरा देतो, यंत्रं देतो, तो शिकवतो. आता हात मोडला तर ती त्याच्या धंद्यातली अडचण. मी दुसरा माणूस बोलावलाय."

"पण त्याच्या शर्टावर तुमच्या जिमचं नाव आहे," मी म्हटलं.

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही डंबेल बोललं. "बेटा, बाहेर थंड पाणी आहे, जाऊन पी."

मला तहान नव्हती. आता सांगायला हरकत नाही की मी तरीही जाऊन प्यायले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. पण पाणी पिता पिताच मी ठरवलं की कोचदादाला या जिममध्ये कायमची नोकरी लावून द्यायची. लोक मुलांना नोकरीला लावतात, पुतण्यांना लावतात. मी ज्याला लावणार होते तो माझ्याहून दुप्पट वयाचा होता आणि तिथे आधीच काम करत होता. म्हणजे काम सोपं होतं, असं मला वाटलं.

दुसरा माणूस आला. त्याला आम्ही नवे सर म्हणायचो. तो दारातून खरंच थोडा आडवा होऊन यायचा. त्याच्यात काहीही वाईट नव्हतं. तो एक म्हणायचा, दोन म्हणायचा आणि असं करत करत दहा म्हणायचा. मग "नेक्स्ट" म्हणायचा. शिंपीणकाकूंनी पहिल्या दिवशी त्याला आपणहून सांगितलं, "आमचे जावई पुन्हा रुसले बरं का." तो म्हणाला, "कोपर सरळ." काकू घरी गेल्या त्या चार दिवस फिरकल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या दिवसभर लोकांना 'आ करा' सांगून स्वतः मात्र बोलायच्या थांबत नसत, त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे गं, पण याच्यासमोर व्यायाम केला की व्यायाम केल्यासारखं वाटतं."

आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त बँककाका राहतात. जिममध्ये ते कधी आले नाहीत, पण सल्ला द्यायला ते कुठेही येतात. त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून सगळं प्रकरण ऐकलं आणि डोळे मिटून एकच शब्द उच्चारला. "नियंत्रण."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"कामाची वेळ कोण ठरवतो, काम कसं करायचं कोण सांगतो, रजा कोणाला विचारायची, हत्यारं कोणाची. सगळ्याला उत्तर मालक असेल, तर तो नोकर. उत्तर तो स्वतः असेल, तर तो स्वतंत्र. मग शर्टावर काहीही छापा. तुम्हाला एवढंच सिद्ध करायचंय की मालक त्याला हलवतो तसा तो हलतो."

"आणि सिद्ध झालं तर?"

"तर आजारपणाची रजा मिळते, आणि बरा होऊन आला की जागा त्याची."

कोचदादाला हे सांगायला आम्ही सगळे अर्ज घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. त्याला ते मुळीच आवडलं नाही. त्याने डाव्या हाताने खिशातून कार्ड काढून दाखवलं. त्याच्यावर 'फिटनेस सल्लागार' असं छापलेलं होतं.

"आईला सांगितलंय मी, स्वतःचा धंदा आहे म्हणून," तो म्हणाला. "आता काय सांगू, की इतकी वर्षं नोकरच होतो?"

"तिला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

"ती विचारते हो सगळं."

मग माझी आई बोलली. आईने जिमचं तोंड बघितलेलं नव्हतं. "हे बघ, नोकर म्हण, सल्लागार म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण प्लास्टर निघाल्यावर तू सकाळी उठून जाणार कुठे, ते सांग."

कोचदादाने प्लास्टरकडे बघितलं. त्यावर आम्हीच सह्या केल्या होत्या. मग म्हणाला, "द्या तो अर्ज."

कामगार कार्यालयात एक खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून होते. मी आधी एकटीच पुढे झाले, कारण माझ्या मते ही माझी केस होती.

"तू कोण?"

"क्लायंट."

"इथे कामगार येतात, मालक येतात. क्लायंट येत नाहीत. मोठं कोणी आहे का बरोबर?"

मी उंचीने वर्गात सगळ्यांत मोठी होते, बरोबरच्या कोचदादाहून तर चांगली वीतभर, पण हे सांगून उपयोग झाला नसता. कोचदादा पुढे झाला. कारकुनांनी अर्ज बघितला, त्याचं ओळखपत्र बघितलं.

"सही जुळत नाही."

"हात मोडलाय," कोचदादा म्हणाला.

"ते दिसतंय. पण सही जुळत नाही."

"उजवा मोडलाय म्हणून डाव्याने केली."

"बरोबर. पण डाव्याने केलेली सही तुमचीच कशावरून?"

"तुमच्यासमोर परत करून दाखवतो."

त्याने केली. ती पहिलीशीही जुळेना आणि ओळखपत्राशीही जुळेना. आता तीन सह्या झाल्या आणि तिघी एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. मी आशेने बरोबर आलेल्या बँककाकांकडे बघितलं. पण 'सही जुळत नाही' हेच ज्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं, त्यांचे डोळे पाणावले होते. ते खिडकीशी वाकून कारकुनांना म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे. मीसुद्धा नसता घेतला." आणि दोघं जुने मित्र भेटावेत तसे बोलत उभे राहिले.

शेवटी अंगठा चालेल असं ठरलं. उजवा अंगठा प्लास्टरमध्ये. मग डावा. डाव्यासाठी हात मोडल्याचा दाखला, दाखल्यावर डॉक्टरांचा शिक्का, आणि डॉक्टर गावाला. माझ्या आयुष्यातली ती पूर्ण सुट्टी अशी एका अंगठ्यापायी गेली. शाळेत 'सुट्टीत मी काय केले' या निबंधात मी हे सगळं लिहिलं तर बाईंनी शेरा दिला की कल्पनाशक्ती चांगली आहे.

पण अर्ज दाखल झाला. कार्यालयातून निरोप आला की अधिकारीबाई स्वतः जिममध्ये येऊन चौकशी करतील.

आदल्या दिवशी मी सगळ्यांची तालीम घेतली. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून मी मध्ये उभी, आणि समोर रांगेत बाबा, शिंपीणकाकू आणि डॉक्टरीणबाई.

"वेळ कोण ठरवतं?"

"मालक," सगळे म्हणाले.

"व्यायाम कोण सांगतं?"

"मालक."

"म्हणजे कोचदादा काय करतो?"

"मालक सांगतील ते," बाबा आणि काकू म्हणाले. डॉक्टरीणबाई गप्प.

"बाई, म्हणा ना."

"माझ्या तोंडून निघत नाहीये गं."

"आ करा," बाबा म्हणाले. सगळे हसले, आणि तालीम तिथेच संपली. आज मागे वळून बघताना वाटतं, ती अजून थोडी घ्यायला हवी होती.

अधिकारीबाई वयस्कर, शांत, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांना बसायला जिममध्ये खुर्ची नव्हती, म्हणून त्या पोटाच्या व्यायामाच्या बाकावर बसल्या आणि चौकशीभर थोड्या मागे घसरत राहिल्या. कोचदादा प्लास्टर छातीशी धरून आरशाशी उभा होता. मालक केबिनच्या दारात.

"या प्रशिक्षकाची वेळ कोण ठरवतं?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"वेळ? वेळ मीच ठरवते. माझे पेशंट आटोपले की फोन करते, की हा हजर. कधीही बोलवा. असा माणूस मिळत नाही हो."

मी खोकले. डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. "म्हणजे मालकच ठरवतात," त्या म्हणाल्या, "मी ठरवलेली."

बाईंनी लिहून घेतलं. मग शिंपीणकाकू.

"कोणता व्यायाम द्यायचा हे मालक सांगतात का?"

"मालक?" काकूंचा आवाज चढला. तालमीतलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलेलं मला समोर दिसलं. "अहो, त्यांना डंबेल आणि इस्त्री यांतला फरक कळत नाही. माझा खांदा याने बरा केला. मालकांनी फक्त पंखा लावला, आणि तोही माझ्या बाजूला वारा देत नाही."

दारात मालक हसत होते. केस त्यांच्या बाजूने चालली होती. पण इस्त्रीपाशी त्यांचं हसू जरा वाकडं झालं.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मला डोळ्यांनी सांगितलं की काळजी करू नकोस. बाबा असं सांगतात तेव्हा मी करते.

"रजा घ्यायची तर हा कोणाला विचारतो?"

"बाई," बाबा उभे राहिले, "हा कोणाला विचारणाऱ्यातला नाही. हा कोणाचा नोकर नाही. हा राजा माणूस आहे. मालकांना इथे विचारतो कोण? आम्ही येतो ते याच्यासाठी येतो. उद्या मालक नसले तर आम्हाला पत्ताही लागणार नाही."

बाईंनी 'हा कोणाचा नोकर नाही' एवढंच लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं. तिथे वजन उतरलेला एकही माणूस नव्हता.

"हे लिहीत नाही," त्या म्हणाल्या, "मला नुसतं विचारायचंय. तुम्ही इथे येता कशासाठी?"

मग शिंपीणकाकू म्हणाल्या, "मी दिवसभर मशीनवर वाकलेली असते. माणसं येतात, पण ती कपड्याचं बोलतात. हा माझं विचारतो."

"माझी गोष्ट घरी पुरी होत नाही," बाबा म्हणाले. आई चौकशीचा दिवस म्हणून मुद्दाम आली होती, तिने फक्त पदर सारखा केला.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. जिम लावली तेव्हा मी उंचीची लाज वाटून प्रश्नचिन्हासारखी चालायचे. शाळेत मला शिडी म्हणायचे. ताठ उभी राहा, असं मला घरातल्या आणि दारातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. कोचदादाने सांगितलं नाही. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाला, "त्या आरशाची वरची कड गं, माझा हात पोचत नाही. तू पुसशील?" मी रोज पुसायचे. टाचा उचलून, मान वर करून. काही महिन्यांनी मला आरशात एक ताठ मुलगी दिसायला लागली आणि ती मला बरी वाटली.

हे सगळं मला बाईंना सांगायचं होतं. मी म्हटलं, "मी आरसा पुसायला येते." बाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना कळलं.

मग त्यांनी वही मिटत आणली. "म्हणजे साधारण चित्र असं दिसतंय की हा गृहस्थ स्वतंत्रपणे..."

आम्ही कोचदादाला इतकं चांगलं म्हटलं होतं की त्याचा कोपरा गेला होता. मला घाम फुटला, आणि त्या जिममध्ये व्यायाम न करता फुटलेला तो पहिलाच असावा.

"एक मिनिट," मालक म्हणाले.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते दारातून पुढे आले. "हे काय चाललंय? मला विचारतो कोण? इथे माझ्या परवानगीशिवाय पंख्याचं बटणसुद्धा दाबलं जात नाही."

"पंखा राहू द्या," बाई म्हणाल्या. "प्रशिक्षकाचं बोला."

"त्याचंच बोलतोय. त्याच्या शर्टाचा रंग मी ठरवला. यायची वेळ मी ठरवतो. या डॉक्टरबाई फोन करतात ना, त्याआधी तो मला विचारतो, येऊ का म्हणून. कोणता क्लायंट कोणाकडे, मी ठरवतो. दुसऱ्या जिममध्ये शिकवायचं नाही, हे मी सांगितलंय. आणि रजा? मागच्या वर्षी त्याला बहिणीकडे जायचं होतं, तिला बाळ झालं म्हणून. मी नाही म्हटलं."

"मग गेला नाही?"

"कसा जाईल? मी नाही म्हटलं ना."

बाईंनी वही पुन्हा उघडली होती आणि भराभर लिहीत होत्या. पण आम्ही कोणी तिकडे बघत नव्हतो.

"तू तर म्हणालास जावंसं वाटलं नाही," बाबा हळूच म्हणाले.

कोचदादा फरशीकडे बघत होता. "तुमचा सेट चालू होता तेव्हा," तो म्हणाला. "म्हटलं, मोजणं चुकेल."

जावई, साहेब, दाताचे पेशंट, माझी चाचणी परीक्षा, सगळं त्याच्या मोजण्यात होतं. त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं, आणि ते आम्ही मोजलं नव्हतं. शिंपीणकाकूंनी नाक ओढलं.

"हे मी लिहून घेतलंय," बाई मालकांना म्हणाल्या, "वाचून बघा, आणि तुमचं म्हणणं असंच असेल तर सही करा."

मालकांनी वाचलं. प्रत्येक ओळीत 'मालक ठरवतात' असं होतं. वाचता वाचता त्यांची छाती फुगली. त्यांनी झोकात सही केली, आणि ती पहिल्या फटक्यात जुळली.

निकाल आला तो तसाच आला. कोचदादा जिमचा कर्मचारी ठरला. त्याची जागा राहिली, आणि प्लास्टर असेपर्यंतची रजा त्याला हक्काने मिळाली. ती घेऊन तो थेट बहिणीकडे गेला. नव्या सरांना दुपारची बॅच मिळाली, आणि तिथे न बोलता व्यायाम करणारी माणसं भरपूर होती, त्यामुळे तेही सुखी झाले.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. पण कोचदादा परत आला तेव्हा भिंतीवर पाटी लागलेली होती. 'कर्मचाऱ्यांनी सभासदांशी अनावश्यक बोलू नये.' मालकांना आता रीतसर नोकर मिळाला होता, आणि त्याला हलवून बघायचं होतं.

शिंपीणकाकूंनी वजनं उचलली. "बाळ कसं आहे रे बहिणीचं?"

कोचदादाने केबिनकडे बघितलं. "एक," तो म्हणाला. "दोन. तीन."

तो दहापर्यंत गेला. सरळ. मी तो दिवस विसरणार नाही. बाबा घरी आले ते चपला न काढताच बसले आणि म्हणाले, "आपण त्याला नोकरी लावली आणि आपला माणूस घालवला." त्या दिवशी पहिल्यांदा मला पुन्हा वाकून चालावंसं वाटलं.

हे किती दिवस चाललं आठवत नाही, पण एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी आरसा पुसायला लवकर गेले. दोन्ही बॅचच्या मधली वेळ, त्यामुळे जिम रिकामी असणार होती. आत आवाज येत होता. मी दारातच थांबले. आरशात सगळं दिसत होतं. केबिन रिकामी. चटईवर मालक उताणे, पायात बूट नाहीत, मोज्याला भोक. आणि शेजारी उकिडवा बसलेला कोचदादा.

"सहा... सात... मालक, मुलगी काय म्हणते? येते का सुट्टीत?"

मालक धापा टाकत होते. "बघते म्हणाली."

"बघते म्हणजे येते हो... पाच... सहा..."

"मागच्या वेळीही बघतेच म्हणाली होती."

"तेव्हा कोणाची परीक्षा होती ना?... चार..."

मालक छताकडे बघत बराच वेळ बोलत राहिले. मी फडकं तिथेच कडीला अडकवून पाय न वाजवता परत फिरले. सात झाले होते हे त्यांना मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती. खिळा तसाच होता आणि त्याला शिंपीणकाकूंची पिशवी लटकत होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून कोचदादाला बाळाचं विचारलं. नाव काय, दात आले का (डॉक्टरीणबाई), अंगडी कोण शिवतं (काकू). तो सांगायला लागला आणि पहिल्यांदाच आपल्याच गोष्टीत मोजणं विसरला. आमचं मोजणं त्या दिवशी दोनवर आलं. दुसऱ्या दिवशी दुखून कोणाचे हात वर जात नव्हते.

पुढे जिम मोठी झाली आणि लांबच्या रस्त्यावर गेली, लिफ्टवाल्या इमारतीत. बाबा अजून जातात, बस बदलून. वजन अजून उतरलेलं नाही. मला दहावी आहे, त्यामुळे मला तीच जागा मिळाली पण जिमऐवजी गणित मिळालं.

परवा सर म्हणाले, या आरशाच्या वरच्या कडेवर केवढी धूळ साचलीये, कोणाचा हात पोचत नाही का? मी उठले. वर्गातली मुलं 'शिडी' म्हणणार हे मला माहीत होतं आणि ती म्हणालीच. मी टाचा उचलल्या, मान वर केली आणि एका टोकापासून पुसत निघाले. शेवटच्या बाकावर जी नवीन मुलगी बसते, कधी कोणाशी न बोलणारी, ती खाली पुसायला आपणहून आली.

"पाच," मी आरशाचे जोडलेले तुकडे मोजत होते, "सहा... तू कुठल्या शाळेतून आलीस गं?"

ती सांगायला लागली.

"चार," मी म्हटलं.